बिनलशीच्या कोंबड्या

परबांनी हिराबायच्या कोंबड्यांना लस टोचली तो मंगळवार होता. सकाळी ते वर्सोव्याहून होडीने मढला गेले. सतरा कोंबड्या आणि दोन कोंबडे त्यांनी एकेक करून धरले, प्रत्येकाच्या पंखाखाली सुई दिली आणि दुपारी एक वाजता प्रयोगशाळेत येऊन कामाला बसले. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापर्यंत दत्ताराम परब आमच्या प्रयोगशाळेत अंड्यांच्या टेबलाचे धनी होते. त्यानंतर तीन-चार महिन्यांतच ते टेबल सुटलं.

कोंबड्यांना लस टोचणं हा गुन्हा कसा होऊ शकतो, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर समजायला मला बरेच दिवस लागले, आणि जे समजलं ते परबांनीच समजावलं.

गोरेगावला, डोंगराच्या बाजूला असलेल्या त्या सरकारी प्रयोगशाळेत मी टंकलेखक म्हणून लागले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पुस्तकांची दोन कपाटंही माझ्या ताब्यात होती, त्यामुळे मला टायपिंगपेक्षा वाचायलाच जास्त वेळ मिळे. ठाणे-रायगडकडचे पोल्ट्रीवाले टोपल्यांत घालून आजारी कोंबड्या आणत. चोच उघडी, मान ताणलेली, श्वासागणिक घशात घरघर. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असे, मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. पण घरघरणाऱ्या प्रत्येक कोंबडीला मानमोडीच झालेली असते असं नाही. बाहेरून सारखे दिसणारे तीन-चार रोग आहेत आणि प्रत्येकावर करायचं वेगळं असतं. म्हणून विषाणू पकडून पाहावा लागतो. तो नुसत्या भांड्यात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. त्या काळी आमच्याकडे जिवंत पेशी म्हणजे दहा दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं. मेलेल्या कोंबडीच्या श्वासनळीतला अंश त्या अंड्यात टोचायचा आणि आतलं पिल्लू जगतं की मरतं, मरतं तर कसं मरतं, ते पाहायचं.

इथे लस आडवी येते. कोंबडीला लस दिलेली असली की तिच्या अंगात रोगाविरुद्ध तयार झालेली ताकद अंड्याच्या बलकातही उतरते. परब तिला ‘आईची पुण्याई’ म्हणत. अशा अंड्यात मानमोडीचा विषाणू टोचला तर तो तिथेच दबतो. पिल्लू मजेत राहतं आणि आपण समजतो, विषाणू नव्हताच.

“पुण्याई असलेला अंडा खावक बरा,” परब म्हणायचे, “आपल्या कामाचा नाय.”

मोठ्या पोल्ट्रीतली सगळी अंडी अशी पुण्याईवाली. म्हणून प्रयोगशाळेला अशा कोंबड्या हव्या होत्या ज्यांना कधीच लस दिलेली नाही. त्या परबांनी मढच्या कोळीवाड्यात शोधून काढल्या होत्या, मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी. दर शनिवारी ते भाताच्या तुसाने भरलेली टोपली घेऊन वर्सोव्याला जात आणि होडीने पलीकडे जाऊन हिराबायकडून अंडी आणत.

परब डॉक्टर नव्हते. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. वडील मालवणकडून येऊन परळच्या गिरणीत लागलेले. हे स्वतः बोरिवलीला दोन खोल्यांत राहत. अंगाने किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि नखं इतकी बारीक कापलेली की बोटांची टोकं लाल दिसत. दुसऱ्याच्या हातांकडेही त्यांचं लक्ष असे. चहाचा कप कोणी पुढे केला तर आधी ते त्याची नखं पाहत आणि मग कप घेत.

पहिल्या आठवड्यात मी कुतूहलाने अंड्यांच्या खोलीत डोकावले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं. माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता.

“आपटेबाई, गजरा बाहेर ठेवा.”

“का हो?”

“अंड्याला बारीक बारीक भोकं असतात. अंडा श्वास घेता. तुमचो मोगरो त्या पिल्लाक कित्याक?”

वासामुळे अंड्याला खरंच काही होतं का, हे मी कपाटातल्या पुस्तकांत शोधलं. धूर आणि औषधांच्या वाफा वाईट, एवढं सापडलं. मोगऱ्याविषयी काही नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलं. ते खूश झाले. “म्हणजे कोणी बघितला नाय अजून,” ते म्हणाले, आणि उबवणी यंत्राशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं, ‘फुलांचा वास?’

ती भिंत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिच्यावर अशी पंधरा-वीस वाक्यं होती, सगळ्यांपुढे प्रश्नचिन्ह. ‘शेवटच्या फळीवरची अंडी जास्त मरतात?’ ‘कोंबडा बदलल्यावर टिकली हळू बसते?’ दर दिवाळीला सफेदी व्हायची आणि सगळे प्रश्न पुसले जायचे. परबांना त्याचं वाईट वाटत नसे. जो प्रश्न खरा आहे तो परत आठवतोच, असं त्यांचं म्हणणं. आठवला नाही तर तो प्रश्न नव्हताच.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा असायची. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, रक्त फिरवण्याच्या यंत्राला झेंडूचा हार. उबवणी यंत्रालाही हार चालायचा, पण शिपाई उदबत्ती घेऊन आला की परब ती त्याच्या हातातून काढून घेत आणि बाहेर कोरफडीच्या कुंडीत खोचून येत.

“परब, देवाचं आहे ते,” शिपाई म्हणे.

“देवाक वास बाहेरून पण येता. पिल्लाक बाहेर जाता येत नाय.”

टिकली हा त्यांचाच शब्द. अंड्यातून काढलेलं पाणी प्लास्टिकच्या पाटीतल्या वाटीसारख्या खळग्यांत घालायचं आणि वर कोंबडीच्या रक्तातल्या धुतलेल्या लाल पेशी सोडायच्या. पाण्यात मानमोडीचा विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींशी जोडतो आणि तळाशी फिकट जाळी पसरते. नसेल तर सगळ्या पेशी घसरत मधोमध गोळा होतात आणि कपाळावरच्या टिकलीसारखा लाल ठिपका बसतो. पाऊण तास थांबायचं असतं. परब तो पाऊण तास पाटीपासून हलत नसत, बोलत नसत. या रक्तासाठी प्रयोगशाळेच्या मागे एक कोंबडा होता, तोही हिराबायकडचा. त्याचं नाव मुकादम. परबांच्या वडिलांच्या खात्यातला मुकादम असाच मान तिरकी करून बघायचा म्हणे. सोमवारी पंखातून रक्त काढायच्या आधी परब त्याच्याशी बोलत. “चल रे मुकादमा, हजेरी दे.” आणि रक्त काढून झाल्यावर त्याला मूठभर ज्वारी.

लाल पेशी तीन वेळा धुवायच्या असा नियम आहे. परब चार वेळा धूत. चौथ्यांदा कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, “तिसऱ्यांदा मी धुतो तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे असतं.”

मला अहवाल लिहायला त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला मी एकदा ‘रोग नाही’ असं टाइप केलं होतं. ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“आपल्याला हे कुठे माहीत आहे?”

“टिकली बसली ना सगळीकडे?”

“बसली. मगे तेवढाच लिवा. विषाणू आढळला नाही. नाही आणि आढळला नाही यात कोंबडीवाल्याचं अख्खं घर मावतं, बाई.”

मढला मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. कुठून येतात ही अंडी, एवढंच मला पाहायचं होतं. हिराबाय पन्नाशीची, दारात सुकट निवडत बसली होती. तिच्या कोंबड्या वाळूत, जाळ्यांच्या ढिगावर, उपड्या होडीखाली, कुठेही होत्या. मला पाहून ती म्हणाली, “ही कोन रं परब? तुजी पोरगी?”

“आमच्या ऑफिसातल्या. टाइप करतात.”

“मंग ह्यो पन टाइप कर गं पोरी, का इतकी वर्सां परब अंडीं न्हेतंय आनि एक दिस बोलला नाय का आमलेट बरा झाला.”

परब हसले. अंड्यांत रोग टोचतो हे त्यांनी तिला केव्हाच सांगितलं होतं. तिला त्याची गंमत वाटे. त्याहून तिला अभिमान होता दुसऱ्याच गोष्टीचा. सुकटीचे हात झटकून ती मला सांगू लागली, “लसवाला आलता गं सरकारी. सगल्यांच्या कोंबऱ्यांना टोचीत व्हता. मी बोललू, माज्या दारात येव नको. माज्या कोंबऱ्या निर्मल हायेत. परबांनी सांगितलाय.”

मी परबांकडे पाहिलं. ते टोपलीत तूस सारखं करत होते. परतताना होडीत मी म्हटलं, “तिला कळलंय ना, निर्मळ म्हणजे काय ते?”

“तिच्या आळीत कधी मानमोडी आली नाय,” परब म्हणाले. मी जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, आणि त्यांनाही ते माहीत असावं.

पुढच्या वर्षी श्रावण सरताना मानमोडी मढला आली.

हिराबाय एका सोमवारी स्वतः प्रयोगशाळेत आली. कधीच आली नव्हती. पत्ता विचारत विचारत आली असणार. व्हरांड्यात माझ्या खिडकीबाहेर तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मेलेली कोंबडी फरशीवर ठेवली. परब बाहेर आले.

“शेजारनीची हाय,” ती म्हणाली. “मान बघ.”

परब उकिडवे बसले. मान पाठीवर वळलेली होती. त्यांनी हात लावला नाही.

“तुज्याकडं औषद हाय ह्याचा?”

“आहे.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून.”

हिराबायने कोंबडीवरची नजर काढून परबांकडे पाहिलं. मग म्हणाली, “आनि मना बोललास, घेव नको.”

“हो.”

“का?”

“अंड्यांसाठी.”

“म्हंजे माज्या कोंबऱ्या निर्मल नवत्या,” ती म्हणाली. “उघऱ्या व्हत्या.”

आवाज तिने चढवला नाही. वर्तमानपत्र पुन्हा गुंडाळलं. जाताना म्हणाली, “आता बोल मना, घेव नको म्हनून.” परब उकिडवेच बसून होते. ती फाटकाबाहेर गेल्यावरही बराच वेळ ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो मंगळवार.

मी हे तेव्हा जुळवलं नाही. परब सकाळी नव्हते, दुपारी आले, एवढंच दिसलं. मला माहीत असलेले परब लपवाछपवी करणारे नव्हते. पण आमचे प्रमुख डॉ. दिघे नियमाला पक्के होते आणि परबांची बढती त्यांच्या शिफारशीवर अडलेली होती. शिवाय परबांचा हिशेब असा होता की लस दिल्यावर गावठी कोंबड्या काही दिवस अंडी घालत नाहीत, तेवढ्यात गोराईला दुसऱ्या बिनलशीच्या कोंबड्या शोधू. पुढचे तीन शनिवार ते रिकामी टोपली घेऊन आले. “घालत नाहीत सध्या,” ते डॉक्टरांना म्हणाले. ते खरंच होतं. चौथ्या शनिवारी ते मढऐवजी गोराईला गेले.

चौथ्या सोमवारी डॉ. दिघे स्वतःच तीन डझन अंडी घेऊन आले. रविवारी ते बायकामुलांसह मढच्या किनाऱ्यावर गेले होते. परबांची अडचण मनात होती, म्हणून त्यांनी हिराबायचं घर विचारून काढलं होतं. कोंबड्या पुन्हा घालू लागल्या होत्या आणि साहेब परबांचाच आहे म्हटल्यावर हिराबायने सगळी अंडी दिली होती.

“घ्या परब,” डॉक्टर म्हणाले. टोपली त्यांनी मांडीवर धरून आणली होती, पँटला तूस लागलं होतं. “तुमचं काम मी केलं. एकही फुटलं नाही.”

मी तिथेच होते. परबांनी टोपली घेतली. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग ते म्हणाले, “बरं साहेब,” आणि आत गेले.

अंडी यंत्रात दहा दिवस राहतात. त्या दहा दिवसांत परब रोज बोलू शकले असते. ते नंतर मला म्हणाले की रोज ते अंडी दिव्यावर धरत, आतल्या शिरा पाहत, आणि यातली निम्मी वांझ आहेत असं सांगून टाकून द्यावीत असं त्यांना वाटे. पण दिव्यावर धरलं की पिल्लू हलायचं. जिवंत अंड्यावर त्यांच्या हातून वांझ अशी खूण होईना. दहाव्या-अकराव्या दिवशी कोणी आजारी कोंबडी आणली नाही तर ही अंडी जून होऊन आपोआप बाद होतील, एवढीच त्यांची आशा.

दहाव्या दिवशी कर्जतकडचे गणपत भोईर आले. तीन शेड, त्यातल्या एका शेडमधल्या कोंबड्या घरघरत होत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ही मानमोडी आहे का? असेल तर उरलेल्या दोन शेडना ताबडतोब पुन्हा लस द्यायची, माल कुठेही हलवायचा नाही. नसेल तर एका शेडच्या कोंबड्या बाजारात काढायच्या, व्यापारी दारात उभा होता.

डॉक्टरांनी नमुना परबांकडे दिला. परबांनी तो हिराबायच्या अंड्यांत टोचला.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, कोणाला न सांगता. गोराईच्या एका बाईकडून आणलेली सहा बिनलशीची अंडी यंत्राच्या खालच्या फळीवर होती. त्यातल्या दोन अंड्यांत आणि हिराबायच्या दोन अंड्यांत त्यांनी आमच्याच साठ्यातला, ओळखीचा मानमोडीचा विषाणू टोचला. सारखाच, सारख्याच मापाने. पुण्याई किती उतरली आहे ते त्यांना बघायचं होतं. अपराधी माणूस साधारणपणे जे न कळलेलं बरं म्हणतो, तेच परबांना कळून घ्यायचं होतं.

चौथ्या दिवशी भोईरांच्या नमुन्याची पाटी लागली. सगळीकडे टिकली. डॉक्टरांनी मला सांगितलं, अहवाल करा, भोईर बाहेर बाकावर बसलेत. मी कागद लावला, नाव-गाव टाइप केलं, आणि ‘राणीखेतचा विषाणू’ इथपर्यंत आले तेव्हा परब आले. त्यांनी यंत्राची मूठ फिरवून कागद वर ओढून काढला. मूठ जोरात फिरली, कागद कडेला फाटला.

“हे जाऊ देऊ नका.”

“अहो, डॉक्टरांनी...”

“साहेबांकडे चला माझ्याबरोबर. मला एकट्याला नाय जमायचा.”

डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी दुसरी पाटी ठेवली. गोराईच्या दोन अंड्यांपुढे जाळी होती, पसरलेली, फिकट. हिराबायच्या दोन अंड्यांपुढे लाल टिकल्या.

“चारही अंड्यांत मानमोडी टोचली आहे साहेब. माझ्या हाताने.”

डॉक्टर पाटी उजेडाकडे वळवून पाहत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला नाही. “लस कोणी दिली?”

“मी.”

“कधी?”

परबांनी मंगळवार सांगितला.

“मी टोपली आणली तेव्हा तुम्ही गप्प बसलात.”

“हो.”

“परब, लस द्यायला नको होती असं मी म्हणत नाही. मला सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.”

“म्हणालो असतो.”

“मगे माका नको ऐकूचा नव्हता साहेब.”

डॉक्टरांनी पाटी बाजूला ठेवली. ते उठून बाहेर बाकाकडे गेले आणि भोईरांना म्हणाले की आमची अंडी बाद निघाली, उत्तर मिळालेलं नाही, मानमोडी आहे असं धरून चाला.

भोईर भडकले. “डॉक्टर, चार दिवस मी अंडी बाद व्हायची वाट बघत होतो का? व्यापारी गेला माझा.”

“माझ्यामुळे गेला,” परब मागून म्हणाले. भोईरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, पण हा कोण माणूस, हे त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी परबांना सांगितलं की हा नमुना तुम्हीच शेवटापर्यंत न्या, मग बघू. ते काम मी रोज जाऊन पाहत असे. गोराईची अंडी थोडी होती, परब रविवारी खाडी ओलांडून आणखी आणत. पहिल्या खेपेला पुन्हा टिकली. पिल्लं जिवंत. त्या अंड्यातलं पाणी काढून दुसऱ्या अंड्यांत टोचायचं, त्यातलं तिसऱ्या. अशी खेप करताना हातात काहीच दिसत नसतं, आहे असं धरून पुढे जायचं. परब तिला आंधळी फेरी म्हणत. दुसऱ्या फेरीच्या सुमारास भोईर चौकशीला आले तेव्हा परबांनी त्यांना एकच विचारलं, “अंडी कशी घालतायत?”

“काय सांगू, कवचाला सुरकुत्या. काही तर मऊ. पांढरं पाण्यासारखं.”

“हे आधी का नाही बोललात?”

“तुम्ही आधी विचारलंत कुठे?”

परब मान हलवत राहिले. मग खोलीत जाऊन त्यांनी भिंतीवर लिहिलं, ‘अंडी कशी, हे विचारतो का आपण?’

चौथ्या फेरीनंतर त्यांनी मला बोलावलं. दोन काचेच्या बशांत दोन पिल्लं होती, एकाच वयाची. एक नीट वाढलेलं, पाय लांब. दुसरं त्याच्या निम्मं, बोटं डोक्यावर आणून चेंडूसारखं गुंडाळलेलं.

“बघा गे बाय,” ते म्हणाले. मला ते कधी असं म्हणाले नव्हते. “हा कोंबड्यांचा ब्राँकायटिस. अंड्यांवरच्या त्या सुरकुत्या याच्याच. मानमोडी नव्हतीच. हा रक्ताची जाळी करत नाही, म्हणून टिकलीच बसणार. पुस्तकात चित्र आहे ना असं?”

“आहे.”

“मी चित्रच बघितलं होतं.”

नंतर बाकीच्या परीक्षांनीही तेच सांगितलं. डॉ. दिघ्यांनी दोन्ही बशा शेजारी ओढून पाहिल्या. मग परबांकडे न बघता म्हणाले, “म्हणजे तो पहिला अहवाल बरोबरच होता. राणीखेत नव्हता. तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं.”

“चाललं असतं साहेब,” परब म्हणाले. “पण आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी परबांना अंड्यांच्या टेबलावरून काढून काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवलं. बढती गेली. कागदावर कारण लिहिलं होतं ते मीच टाइप केलं, आणि परबांनी ते वाचून एक शब्द बदलायला सांगितला. तिथे ‘निष्काळजीपणा’ असं होतं. “तो नव्हता,” ते म्हणाले. “न सांगणं लिहा.” डॉक्टरांनी बदल मान्य केला.

निवृत्तीपर्यंतची चार-पाच वर्षं परबांनी नळ्या आणि बशा धुतल्या. त्यांच्या जागी आलेली नवी मुलगी दर दोन दिवसांनी धुण्याच्या खोलीत जायची, ओल्या हातांच्या परबांसमोर अंडं धरायची. कधी कधी दाराशी डॉक्टरही उभे असत. परब हात पुसूनही अंडं घेत नसत. “तुम्ही धरा, मी बघतो,” म्हणत. टेबल आपलं नाही, हे त्यांनी नियमासारखं पाळलं.

हिराबायकडे मात्र जाण्याचं कारण उरलं नाही. तिची अंडी आता कामाची नव्हती. मासळी घेऊन अंधेरीला आलेली ती मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “औषद दिलंन आनि यायचाच बंद झाला. असा कसा मानूस गं?” मी तिला कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या पिशवीत बोंबील टाकले आणि म्हणाली, “त्याला बोल, अंडीं नको तर नको. चा पी.” मी तो निरोप दिला. परब नळाखाली हात धरून उभे होते. “बरं,” म्हणाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वर्सोव्याच्या धक्क्यावर. ते निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. मी बहिणीकडे आले होते आणि सहज खाडीकडे गेले होते. होडी सुटत होती. परब तिच्यात उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपली नाही, काहीच नाही. एक हात शेजारच्या माणसाच्या खांद्यावर, तोल सांभाळायला. ते पलीकडे पाहत होते. मी हाक मारली नाही. होडी मध्यावर जाईपर्यंत उभी राहिले.

परब गेले ते मला पंधरा दिवसांनी कळलं. आता त्यालाही काही वर्षं झाली. प्रयोगशाळेत आता विषाणू शोधायला अंडं लागतंच असं नाही, निम्म्या दिवसात उत्तर येतं. अंड्यांच्या खोलीत जुन्या खुर्च्या रचल्या आहेत.

या वर्षी मी मढला जाऊन आले. हिराबायही नाही. तिची सून घरी होती. मानमोडीच्या त्या पावसाळ्यात त्या आळीत फक्त त्यांच्या कोंबड्या वाचल्या, पुढे सगळ्यांनी पिल्लं त्यांच्याकडूनच नेली, असं तिने सांगितलं. लस नंतर कोणी दिली नाही. आज तिच्या दारात अकरा कोंबड्या आहेत, पुन्हा बिनलशीच्या.